वर शून्य, मध्ये तेहतीस

पुण्याच्या हवेतले कण उन्हाचं काय करतात, याचा जमाखर्च २००४ साली एका शोधनिबंधात मांडला गेला. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले, म्हणजे आयआयटीएममधले, जी. पांडिथुराई आणि पी. सी. एस. देवरा, मेरिलँड विद्यापीठाच्या रेचेल पिंकर आणि जपानच्या चिबा विद्यापीठातले ताकामुरा हे त्याचे लेखक. २००१ आणि २००२ च्या कोरड्या महिन्यांत, आभाळ निरभ्र असताना घेतलेली मोजमापं त्यांनी वापरली होती. हाती आलेले आकडे तीनच. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात दर चौरस मीटरला ३३ वॅटची घट. वातावरणाच्या माथ्यावर, जिथे पृथ्वीने किती ऊर्जा ठेवून घेतली आणि किती परत पाठवली याचा शेवटचा हिशेब लागतो, तिथे फरक शून्य. आणि या दोन टोकांच्या मध्ये, हवेतच, ३३ वॅट मुक्कामाला राहिलेले.

भोसरी एमआयडीसीत जॉबवर्कची शेड चालवणारे एक मामा आणि हवेतल्या कणांवर पीएच.डी. करणारी त्यांची भाची यांच्यात या तीन आकड्यांवरून बरेच दिवस वाद धुमसतो आहे. मामा वरच्या शून्यापाशी थांबतात. भाचीला मधले ३३ सोडवत नाहीत.

गुरुवारी भोसरीत दिवसा लाइट नसते, शेडला सुट्टी. राजगुरुनगरला साखरपुडा होता म्हणून दोघं एकाच गाडीने निघाले आणि वादाला पुणे–नाशिक रस्त्याएवढी लांबी मिळाली. मोशीपर्यंत गाडी पळाली. इंद्रायणीचा पूल ओलांडून चिंबळी फाटा आला आणि पुढे सगळं थिजलं. समोरच्या बाजूने चाकणकडून कोऱ्या मोटारी लादलेला एक लांबलचक ट्रेलर रखडत येत होता. गिअर बदलला की त्याच्या नळीतून काळा लोट उठायचा.

"बघ," मामा म्हणाले, "वरच्या गाड्या बीएस-सहा. त्यांना ओढणारा कुठल्या सालचा आहे ते आरटीओलाच ठाऊक."

मामांना इंजिनांचा धूर अंगवळणी पडलेला आहे. उमेदीची वर्षं त्यांनी एका इंजिन कारखान्यात टेस्ट बेडवर काढली, शेड त्यानंतरची. पुण्याच्या या बाजूला असं आयुष्य काही जगावेगळं नाही. खडकीत १९४६ पासून किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, कोथरूडला १९६२ पासून कमिन्स, पिंपरीत टेल्को, आकुर्डीत बजाज, आणि वेताळ टेकडीच्या कुशीत १९६६ साली उभी राहिलेली, गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय. पुढे बजाज १९९९ मध्ये चाकणला आली, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, पाठोपाठ महिंद्रा. धूर काढणारी यंत्रं बनवणारे आणि तो धूर किती, हे ठरवणारे, दोघंही याच टापूत. काजळीवर बोलायला दिल्लीला जायची गरज नाही. मराठी वर्तमानपत्रं मात्र दिवाळी आली की आधी दिल्लीच्या धुक्याचा फोटो छापतात.

"तुमचं म्हणणं एकदा नीट सांगा," भाची म्हणाली.

मामांनी इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि सांगितलं. काजळी वाईट, यात त्यांना शंका नाही. छातीत जाते, दमा करते, रक्तातही उतरते. त्यासाठी ती थांबवलीच पाहिजे आणि थांबवण्याची सोय झालेली आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा लागू झालं. डिझेल मोटारीला आधी किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती, ती साडेचारवर आली. शिवाय कणांचं नुसतं वजन नाही, संख्याही मोजायला लागली: किलोमीटरला सहाशे अब्जांच्या आत. डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर बसवल्याशिवाय हे जमतच नाही. फिल्टर काजळी अडवतो, साठली की सहाशेएक अंश तापमानाला जाळून टाकतो. "म्हणजे इंजिनवाल्यांनी आपलं काम केलं. आता तुम्ही लोक म्हणता, काजळी ऊन पिते, हवामान बदलते. तिथे मला गोम दिसते. २०१३ साली मोठा अहवाल आला की काजळीचा जागतिक भार १.१ वॅट, कार्बन डायऑक्साइडच्या खालोखाल. आणि २०२१ मध्ये आयपीसीसी काय म्हणते? ०.११. दशांशचिन्ह एक घर सरकलं! आमच्या टेस्ट बेडवर कुणी असं रीडिंग आणलं असतं तर त्याला घरी पाठवला असता."

आकडे मामांनी बरोबर सांगितले होते. टॅमी बाँड आणि तीस सहलेखकांच्या २०१३ च्या आढाव्यात १.१ हाच आकडा होता, पण अनिश्चिततेचा पट्टा ०.१७ ते २.१ असा ऐसपैस होता. आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या, सहाव्या अहवालात ०.११, आणि पट्ट्याचं खालचं टोक चक्क शून्याच्या खाली, उणे ०.२०.

भाचीने ते मान्य केलं. अंतर का पडलं तेही सांगितलं. काजळीने ऊन शोषलं की हवा तापते, हे जुन्या हिशेबातही होतं. पण तापलेली हवा स्वतःला लगेच जुळवून घेते: कुठे ढग विरतात, कुठे वाढतात, वरचा तापलेला थर आपली उष्णता अवकाशात टाकून देतो. हे सगळं जमेस धरल्यावर जगाच्या सरासरीत काजळीच्या वाट्याला थोडंच उरतं. "जगाच्या सरासरीत," तिने पुन्हा म्हटलं. "मामा, तुमच्या शेडचा नफा एखाद्या वर्षी शून्य आला, तर त्या वर्षी धंदाच झाला नाही असं म्हणाल?"

मामा हसले. "नाही म्हणणार. पण धंदा झाला तर माल कुठून आला, कुठे गेला ते चलनावर दाखवता येतं. तुझे ३३ वॅट जातात कुठे ते दाखव."

प्रश्न चोख होता. या विषयावरच्या बऱ्याचशा लिखाणात तो कुणी विचारतच नाही. ऊन अडलं, हवा तापली, म्हणून काहीतरी वाईट झालं असणार, एवढ्यावर वाक्य संपतं. भाचीने आधी यंत्रापासून सुरुवात केली, कारण यंत्र दाखवलं की मामा ऐकतात हे तिला ठाऊक होतं.

तिच्या मोबाइलवर एथॅलोमीटरचा फोटो होता. पांढऱ्या गाळणकापडाची फीत, तिच्यातून पंप हवा ओढतो, फितीवर करडा ठिपका उमटतो आणि तो गडद होत जातो. ठिपक्यातून प्रकाश सोडायचा. किती कमी पार झाला, त्यावरून काजळी किती ते काढायचं. अँथनी हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात हे यंत्र घडवलं. मामांनी फोटो मोठा करून पाहिला. "अगं, हा तर आपला बॉशचा स्मोक मीटर!" ते म्हणाले. टेस्ट बेडवर ते हेच करत आले होते. धूर कागदातून ओढायचा, कागद किती काळा झाला ते प्रकाश टाकून बघायचं, शून्य ते दहा नंबर द्यायचा. आणि रस्त्याकडेच्या पीयूसीवाल्याकडेही तेच तत्त्व, फक्त कागदाशिवाय: धुरातून प्रकाश आरपार सोडायचा. जुन्या डिझेल गाडीला २.४५ प्रति मीटरपर्यंत सवलत, बीएस-चारला १.६२. हे जे 'प्रति मीटर' आहे ते दुसरंतिसरं काही नसून धूर एका मीटरच्या वाटेत किती प्रकाश खातो त्याचं माप.

"म्हणजे तुम्ही जन्मभर प्रारणच मोजलंत," भाची म्हणाली. "तुमचा बल्ब होता, माझा सूर्य आहे."

पुढची गाडी दोन हात सरकली. मामांनी किल्ली फिरवली, सरकवली, पुन्हा बंद केली.

पावतीच्या पाठीवर भाचीने हिशेब मांडला. इंजिनातून निघणारी काजळी म्हणजे वीस ते पन्नास नॅनोमीटरचे कार्बनचे मणी आणि त्यांच्या वेड्यावाकड्या साखळ्या. मणी इतके बारीक की त्यांच्या आतला कार्बनही उन्हापासून लपत नाही. म्हणून एक ग्रॅम ताजी काजळी हवेत पसरली तर ती साधारण साडेसात चौरस मीटरवरचं ऊन शोषते. आता समजा हवेत दर घनमीटरला चार मायक्रोग्रॅम काजळी आहे आणि ती एक किलोमीटर उंचीपर्यंत सारखी मिसळली आहे. मग एक चौरस मीटर जमिनीवर उभ्या असलेल्या हवेच्या स्तंभात काजळी किती? चार मिलिग्रॅम. तिला साडेसातने गुणलं की येतात ०.०३. म्हणजे थेट उन्हातलं तीन टक्के ऊन वाटेतच गेलं. दुपारचं ऊन ८०० वॅट धरलं तर २४ वॅट.

"चार मिलिग्रॅममध्ये?" मामांनी पावती हातात घेतली. गुणाकार पुन्हा करून पाहिला. मग कारखान्यातल्या सवयीने गृहीतकावर बोट ठेवलं. "एक किलोमीटरपर्यंत सारखी मिसळली हे कुणी सांगितलं?"

कुणीच नाही, आणि भाचीने ते लपवलं नाही. थंडीत पहाटे पुण्या-पिंपरीवर थंड हवेचा थर बसतो. धूर त्याच्या खाली कोंडतो. सकाळी सात ते नऊ आणि रात्री आठनंतर काजळीचे आकडे चढतात, दुपारी जमीन तापली की मिसळणीचा थर उंच होतो आणि तेच आकडे उतरतात. दुपारी काजळी कमी झाली असं वाटतं; ती वर गेलेली असते. म्हणून आयआयटीएमने सिंहगडावरही काजळी मोजली, महाबळेश्वरला २०१२ पासून ढगांची प्रयोगशाळा चालवली. शिवाय हवेत दोन-तीन दिवस काढलेल्या काजळीवर सल्फेट आणि सेंद्रिय पदार्थांचं आवरण चढतं. ते आवरण भिंगासारखं काम करून ऊन आत वळवतं आणि शोषण वाढवतं. किती वाढवतं, यावर प्रयोगशाळा आणि प्रत्यक्ष हवा यांचं जमत नाही: प्रयोगात दीडपटीच्या पुढे, शहरांच्या हवेत घेतलेल्या काही मोजमापांत जेमतेम.

"आणि वरचं शून्य? ते कसं येतं?"

सोपं आहे. हवेत काजळी एकटी नसते. सल्फेट, धूळ, सेंद्रिय कण सोबत असतात. ते ऊन परत उधळतात, त्यामुळे पृथ्वीला थोडी थंडाई मिळते. काजळी ऊन धरून ठेवते, त्यामुळे ऊब. पुण्याच्या मोजमापात दोन्ही बाजू वरच्या टोकाला नेमक्या फिटल्या. हे प्रमाण दुसरीकडे वेगळं असतं. १९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये हिंदी महासागरावर झालेल्या इंडोएक्स मोहिमेत, मालदीवच्या काशिधू बेटावरच्या नोंदींवरून सतीश आणि व्ही. रामनाथन यांनी दाखवलं की पृष्ठभागावरची घट वरच्या टोकाच्या घटीच्या सुमारे तिप्पट आहे. तिप्पट म्हणजे उरलेली ऊर्जा मध्येच अडकली. पुण्यात तर सगळीच मध्ये अडकली.

मग ती जाते कुठे? भाचीने चलन दाखवायला घेतलं. जमिनीला ३३ वॅट कमी मिळाले, तर जमीन कमी तापते आणि तिच्यातून पाणी कमी उडतं. दिवसभरात एक मिलिमीटर पाण्याची वाफ व्हायला सरासरी २८ वॅट लागतात. त्यावरून ३३ चं वजन कळतं, जरी सगळी घट बाष्पीभवनातूनच वजा होत नसली तरी. दुसरीकडे वरची हवा तापते. खाली गार, वर गरम, अशी मांडणी झाली की हवा उलथीपालथी व्हायला कुरकुरते, मिसळणीचा थर बुटका राहतो. धूर त्याच थरात साठतो आणि आणखी ऊन खातो. म्हणजे मामांना ज्या छातीची काळजी आहे, तिचा आणि या ३३ वॅटचा संबंध इथे लागतो. "तुम्ही म्हणता धूर छातीसाठी थांबवा, उन्हासाठी नको. पण धूर उन्हाला अडवतो म्हणून छातीत जास्त जातो."

मामा काही वेळ बोलले नाहीत. शेजारून एक दुचाकीवाला आरसा घासून गेला.

"हे पटलं," शेवटी ते म्हणाले. "पण तुम्ही एवढ्यावर थांबत नाही ना. तुम्ही पावसावर जाता."

इथे भाचीची बाजू खरोखर लंगडी आहे, आणि मामांना ते माहीत होतं. २००५ मध्ये रामनाथन आणि सहकाऱ्यांनी मांडलं की धुराळ्यामुळे उत्तर हिंदी महासागराला ऊन कमी मिळतं, दक्षिणेशी असलेला तापमानाचा फरक घटतो, मॉन्सून दुबळा होतो. पुढच्याच वर्षी विल्यम लाउ आणि क्यू-म्योंग किम यांनी मांडलं की हिमालयाच्या उतारावर साठलेली धूळ आणि काजळी हवा तापवते, ती वर चढते आणि मे-जूनमध्ये उत्तर भारताकडे उलट जास्त ओल ओढून आणते. काळ वेगळा, जागा वेगळी, हे खरं. पण शेतकऱ्याने यातून काय घ्यायचं? मामांचा धाकटा भाऊ खेडजवळ कांदा लावतो. चाकणच्या बाजारात त्याला भाव कळतो, पावसाचं भाकीत कळत नाही.

"तुझ्याच क्षेत्रातल्या बाईंनी हे आधीच सांगून ठेवलंय," मामा म्हणाले. त्यांचा रोख सुलोचना गाडगीळांकडे होता. पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या, हार्वर्डहून पीएच.डी. करून परतल्यावर काही काळ आयआयटीएममध्ये राहून मग बंगळुरूला गेलेल्या या मॉन्सूनशास्त्रज्ञ बाईंनी २००२ मध्ये जे. श्रीनिवासन यांच्यासोबत 'करंट सायन्स'मध्ये एक लेख लिहिला: आशियाई तपकिरी ढगात तथ्य किती आणि कल्पना किती. त्या वर्षी ऑगस्टमध्ये, जोहान्सबर्गच्या परिषदेच्या तोंडावर, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 'आशियाई तपकिरी ढग' नावाचा अहवाल काढला होता आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी तीन किलोमीटर जाडीचा विषारी ढग छापला होता. श्रीनिवासन आणि गाडगीळ यांचा मुद्दा असा की हे धुरकं कोरड्या हंगामातलं, जानेवारी ते मार्चचं. त्यावरून जून ते सप्टेंबरच्या मॉन्सूनवर उडी मारायला पुरावा तोकडा आहे. भारतातून ओरड झाल्यावर प्रकल्पाच्या नावातून आशिया गेला, 'वातावरणीय' आलं.

प्रस्तुत लेखकाला या वादात गाडगीळांची बाजू वजनदार वाटते, आणि तरी त्यावरून मामांचा दावा सिद्ध होत नाही. पावसाचा पुरावा तोकडा असला म्हणून उन्हाचा पुरावा तोकडा होत नाही. उन्हाची मोजणी पुण्याच्याच लोकांनी केली आहे. भारतीय हवामान विभागाच्या बारा केंद्रांवरच्या उन्हाच्या नोंदी घेऊन आयआयटीएमच्या बी. पद्मा कुमारी, लोंढे, डॅनियल आणि जाधव यांनी २००७ मध्ये दाखवलं की १९८१ ते २००४ या काळात जमिनीवर पोचणारं ऊन दरवर्षी सरासरी ०.८६ वॅटने घटत गेलं. पंचवीस वर्षांच्या आतच वीसेक वॅटची उतरण. ती सगळी काजळीची नाही. ढगही आहेत, इतर कणही. पण हा गणकयंत्रातला अंदाज नव्हे, काचेच्या घुमटाखालच्या पायरॅनोमीटरने रोज टिपलेलं ऊन आहे.

"आणि तरी उकाडा वाढलाच," मामा म्हणाले.

"वाढला. कारण हरितगृह वायूंचं ओझं वेगळं आहे. कणांनी त्याचा काही भाग झाकला."

"मग कण काढले तर झाकण गेलं!" मामांना हवा तो धागा सापडला. डिझेलमधलं गंधक बीएस-चारला ५० भाग प्रति दशलक्ष होतं, बीएस-सहाला १०. गंधक कमी म्हणजे सल्फेट कमी, म्हणजे ऊन परत उधळणारे कण कमी. "तुम्ही थंडाई देणारे कण काढले आणि आता ऊब देणाऱ्याच्या मागे लागलात."

"उलट आहे. थंडाई देणारे जाणारच आहेत, कारण आम्लपाऊस आणि दम्यासाठी ते काढावेच लागतात. मग ऊब देणारे ठेवण्यात काय अर्थ?"

कुरुळीच्या आसपास रस्ता जरा मोकळा झाला. डाव्या हाताला महाळुंगे-निघोजेकडे वळणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या, दुसरी पाळी घेऊन निघालेल्या. मामांनी तिसरा मुद्दा काढला, आणि तो त्यांच्या पोटातला होता. मोजमाप झालं की नोटीस कुणाला येते? रुंद न झालेल्या रस्त्याला येत नाही. परराज्यातून आलेल्या बीएस-तीन कंटेनरला येत नाही. ती येते शेडला, जनसेटला, भट्टीला, आणि रात्री टायरचा तुकडा टाकून शेकणाऱ्या वॉचमनला. श्रीमंत देशांनाही काजळी आवडते ती याचसाठी, असं त्यांचं ठाम मत: काजळी गरिबाच्या चुलीतून आणि जुन्या ट्रकमधून निघते, कार्बन डायऑक्साइड त्यांच्या दीडशे वर्षांच्या धुराड्यांतून. पहिलीवर बोललं की दुसऱ्यावर बोलावं लागत नाही.

भाचीने याला थेट नकार दिला नाही. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं हवेत राहतो. काजळी आठवडाभर, फार तर दोन आठवडे, पाऊस पडला तर त्याच दिवशी धुऊन निघते. म्हणून काजळी कमी करणं हा कार्बन डायऑक्साइडला पर्याय होऊच शकत नाही, हे तिचंही म्हणणं. पण त्याच आखूड आयुष्यामुळे काजळीचा हिशेब जिल्ह्याचा होतो. चाकणला सोडलेला कार्बन डायऑक्साइड जगाच्या खात्यात जमा होतो. चाकणच्या काजळीचा मोठा वाटा चाकण, आळंदी, खेड, मावळ यांच्याच आभाळात ऊन खातो. "जागतिक ०.११ आहे की १.१, हा जिनिव्हाचा प्रश्न. इथल्या माणसाने इथले ३३ बघावेत."

आणि शेकोटीबद्दल ती मामांच्या बाजूने गेली, जे त्यांना अपेक्षित नव्हतं. लाकूड, पाचट, कचरा जाळला की काजळीबरोबर ढिगाने सेंद्रिय कण निघतात. ते बरंचसं ऊन उधळतात. त्यामुळे शेकोट्या विझवून हवामानाला फारसा थंडावा मिळेल असं सांगता येत नाही. विझवायच्या त्या माणसाच्या फुप्फुसांसाठी, आणि त्याला थंडीत उबेची दुसरी सोय देऊन. डिझेलचं उलट. त्याच्या धुरात काजळीचा वाटा सगळ्यात मोठा, उधळणारे कण थोडे. २०१३ च्या त्याच आढाव्याने डिझेल इंजिनांना म्हणूनच पहिल्या क्रमांकावर ठेवलं होतं. एथॅलोमीटर सात रंगलहरींत मोजतो, अतिनीलाजवळच्या ३७० नॅनोमीटरपासून अवरक्तातल्या ९५० पर्यंत. लाकडाचा धूर अतिनीलाकडे जास्त खातो, डिझेलचा सगळीकडे जवळपास आपल्या ठरल्या प्रमाणात. त्यावरून शेकोटी किती आणि ट्रक किती, हे ढोबळमानाने वेगळं करता येतं.

"म्हणजे वॉचमन सुटला," मामा म्हणाले.

"वॉचमन सुटला, ट्रेलर अडकला."

"आणि माझा जनसेट?"

भाची हसली. जनसेटला १ जुलै २०२३ पासून नवे नियम आहेत, पण ते नव्या जनसेटला. मामांचा जुना. भोसरीत असे किती असतील हे दोघांनाही माहीत होतं.

मुद्दा असा की नियमांच्या पुस्तकात काजळी स्वतःच्या नावाने येतच नाही. २००९ च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांत बारा प्रदूषकं आहेत. ब्लॅक कार्बन, म्हणजे काजळी, त्यांत नाही. पीएम २.५ आहे, दिवसाच्या सरासरीत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. त्या साठात रस्त्याची माती किती, सल्फेट किती आणि काजळी किती, हे मानकाला विचारायचं नसतं. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमानेही कणांचं एकूण वजन घटवण्याचंच लक्ष्य ठेवलं. म्हणून महापालिका रस्त्यावर पाणी मारते, झाडणाऱ्या गाड्या घेते, आणि वजन खरंच उतरतं, कारण धूळ जड असते. काजळी हलकी. ती कमी झाली काय, न झाली काय, एकूण वजनात फारसं दिसत नाही, उन्हात दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये काजळीसाठी मर्यादेचा आकडा दिला नाही, पण ती वेगळी मोजा असं सांगितलं. इस्रोचं देशभराचं केंद्रांचं जाळं ती मोजतं, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या विश्लेषणात २००७ नंतर काजळी उतरणीला लागलेली दिसते.

"उतरणीला?" मामांनी मान वळवली. "मग भांडतेस कशाला?"

"देशाची सरासरी उतरते. तळेगाव चौकाचं काय ते सांगा."

तळेगाव चौक समोरच होता. नाशिकचा रस्ता आणि तळेगाव–शिक्रापूरचा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तिथे चारही बाजूंनी कंटेनर तोंडाला तोंड लावून उभे. थांबणं, रेटणं, पुन्हा थांबणं. टेस्ट बेडवरच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही: जड गाडी उभ्याने सुटते तेव्हा इंजिनात इंधन आधी पोचतं, पुरेशी हवा मागून येते, आणि त्या मधल्या क्षणात सगळ्यात काळा धूर निघतो. एकसारख्या वेगाने धावणारा तोच ट्रक त्या मानाने स्वच्छ असतो. मामांनी हे स्वतःहून सांगितलं आणि सांगता सांगता त्यांच्याच लक्षात आलं की या चौकातला उड्डाणपुलाचा प्रश्न आता उन्हाचाही प्रश्न झाला आहे. भाचीने ते बोलून दाखवलं नाही.

"तुझं ते एथॅलोमीटर शेडवर लावायचं म्हणतेस, ते इथे लाव," ते म्हणाले. "या चौकात. माझ्या शेडवर कशाला?"

"दोन्हीकडे लावायचंय. चौकात लावलं की चौकच मोजला जातो. तुमच्या शेडवर गुरुवारी आणि बाकीच्या दिवशी काय फरक पडतो ते बघायचंय. कारखाने बंद, रस्ता चालू, असा दिवस आठवड्यातून एकदा फुकट मिळतो. असा प्रयोग मुद्दाम करायचा म्हटलं तर कोण करू देईल?"

मामांनी अटी घातल्या. शेडचा प्लॉट नंबर कुठे छापायचा नाही. पत्र्यावर चढताना हेल्परला सोबत घ्यायचं. आणि निकाल त्यांना आधी दाखवायचा. भाचीने शेवटची अट सोडून सगळ्या मान्य केल्या. निकाल सगळ्यांना एकाच वेळी, असं म्हणाली. त्यावर थोडी घासाघीस झाली.

चौक ओलांडला तेव्हा मामांना एकदम आठवलं. "पण गुरुवारी लाइट नसते. तुझं यंत्र चालणार कशावर?"

"ऑफिसात इन्व्हर्टर आहे ना?"

"चार तास ओढतो. पुढे मी जनसेट लावतो."

"पुढची बॅटरी मी आणते. गुरुवारी जनसेट लावायचा नाही, मामा. नाहीतर मी फक्त तुम्हालाच मोजत बसेन."